आयफोन १७ आत्ता घ्यावा, की १८ साठी थांबावं?

येणाऱ्या आयफोनची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: नवीन काय येणार? पैसे मोजणाऱ्याच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. आज प्रोमध्ये जे आहे, त्यातलं साध्या मॉडेलमध्ये काय उतरणार आणि किती वर्षांनी? बाजारात तुरी असताना भांडून याचं उत्तर मिळत नाही. मागच्या मॉडेलांचा हिशेब मांडला की बऱ्यापैकी मिळतं.

| सुविधा | प्रोमध्ये कधी | साध्या मॉडेलमध्ये कधी |
|---|---|---|
| डायनॅमिक आयलंड (स्क्रीनवरचं गोळीसारखं कटआउट) | १४ प्रो, २०२२ | १५, २०२३ |
| ४८ मेगापिक्सेल मुख्य कॅमेरा | १४ प्रो, २०२२ | १५, २०२३ |
| ॲक्शन बटण | १५ प्रो, २०२३ | १६, २०२४ |
| ४८ मेगापिक्सेल अल्ट्रावाइड | १६ प्रो, २०२४ | १७, २०२५ |
| ऑलवेज-ऑन डिस्प्ले | १४ प्रो, २०२२ | १७, २०२५ |
| १२० हर्ट्झ स्क्रीन | १३ प्रो, २०२१ | १७, २०२५ |
| १० गिगाबिट यूएसबी | १५ प्रो, २०२३ | अजून नाही |
| टेलिफोटो (दूरचा कॅमेरा) | ११ प्रो, २०१९ (त्याआधी ७ प्लस, २०१६) | अजून नाही |

यात तीन गट सरळ दिसतात. बटण, सेन्सर, स्क्रीनवरचं कटआउट अशा गोष्टी एका वर्षात खाली येतात. महागडं पॅनेल यायला तीन-चार वर्षं लागतात. आणि काही गोष्टी येतच नाहीत, कारण त्या खाली आल्या तर प्रो घ्यायला कारण उरत नाही. टेलिफोटो या तिसऱ्या गटातला आहे. त्यामुळे १८ च्या साध्या मॉडेलमध्ये दूरचा कॅमेरा येईल या आशेवर थांबण्यात अर्थ दिसत नाही.

साधं मॉडेल: थांबण्याचं कारण सगळ्यात कमी इथेच

वरच्या तक्त्यातल्या २०२५ च्या ओळी पुन्हा पाहा. तिन्ही १७ च्या आहेत. शिवाय १७ पासून किमान स्टोरेज २५६ जीबी झालं, पुढचा कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा चौकोनी सेन्सर घेऊन आला (फोन उभा धरूनही आडवी सेल्फी निघते), आणि ४० वॉटचा चार्जर असेल तर ॲपलच्या दाव्यानुसार बॅटरी २० मिनिटांत ५० टक्के भरते. इतकं सगळं एका वर्षात आलं की पुढचं वर्ष सहसा कोरडं जातं.

त्यात भर म्हणजे वेळापत्रक. २०२५ पासून बऱ्याच पत्रकारांनी आणि विश्लेषकांनी एकच गोष्ट मांडली आहे: १८ प्रो आणि घडीचा फोन २०२६ च्या सप्टेंबरच्या सुमारास, साधा १८ मात्र २०२७ च्या वसंतात. ही अफवाच आहे, पण खरी निघाली तर साध्या मॉडेलसाठी थांबणं म्हणजे सहा महिने जादा थांबणं.

थांबायला एकच कारण पटण्यासारखं आहे, ते म्हणजे रॅम. १७ मध्ये ८ जीबी आहे, एअर (त्याच मालिकेतला पातळ फोन) आणि १७ प्रोमध्ये १२. साध्या १८ मध्ये १२ येईल असं बोललं जातं. हा आकडा किरकोळ वाटतो, पण सप्टेंबर २०२३ मध्ये ६ जीबीचा १५ घेतलेल्यांना त्याचा अर्थ नऊ महिन्यांत कळला. जून २०२४ मध्ये ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआय सुविधांचा संच, जाहीर झालं आणि ते चालणाऱ्या फोनांच्या यादीत १५ प्रो होता, १५ नव्हता. ॲपल रॅमचा आकडा जाहिरातीत सांगत नाही, म्हणून तो बाहेरून शोधून पाहावा लागतो. फोन पाच-सहा वर्षं वापरायचा असेल आणि एआयच्या सुविधा खरोखर हव्या असतील, तरच या मुद्द्यावर अडून राहावं.

१७ की २०२४ चा १६ प्रो?

नवी मालिका आली की ॲपल जुने प्रो स्वतःच्या विक्रीतून काढून टाकते आणि आधीचं साधं मॉडेल दर कमी करून ठेवते. १७ आल्यावर १६ यादीत राहिला, १६ प्रो गेला. तो आता उरलेला साठा किंवा रिफर्बिश्ड म्हणून मिळतो, आणि बऱ्याचदा दर १७ च्या आसपास येतो. खरी ओढाताण इथे आहे.

१६ प्रोकडे ५ पट टेलिफोटो, अंतर मोजणारा लायडार आणि जलद यूएसबी आहे. १७ कडे उन्हात ३००० निट्सपर्यंत उजळणारी स्क्रीन आहे (१६ प्रो २००० वर थांबतो), ॲपलच्याच आकड्यांनुसार ३० तासांचा व्हिडिओ प्लेबॅक आहे (१६ प्रोचे २७), वजन १७७ ग्रॅम आहे (१६ प्रोचं १९९), आणि चिप एक वर्ष नवी असल्याने अपडेटही बहुधा एक वर्ष जास्त मिळतील. १६ प्रो १२८ जीबीपासून सुरू होतो, त्यामुळे दर ताडून पाहताना २५६ जीबीचाच धरा, नाहीतर तुलना खोटी ठरते.

जलद यूएसबीवर भुलण्याआधी हिशेब करा. १७ चं पोर्ट यूएसबी २ आहे, सेकंदाला ४८० मेगाबिट. १०० जीबी व्हिडिओ केबलने काढायचे तर कागदावरच २८ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. १० गिगाबिटवर तेच काम काही मिनिटांचं आहे. पण प्रोच्या डब्यातली केबल यूएसबी २ चीच असते. वेगळी १० गिगाबिटची केबल घेतली नाही तर प्रो असूनही वेग साध्याचाच मिळतो, आणि पुष्कळ जणांच्या ते लक्षातही येत नाही. फोटो क्लाउडवर जात असतील तर हा मुद्दा यादीतून खोडून टाका.

एका वाक्यात कल सांगायचा तर: मंचावरची, मैदानातली, पक्ष्यांची छायाचित्रं काढत असाल तर १६ प्रो, बाकी सगळ्यांसाठी १७.

कुठल्या वावड्या टिकतात

फोन बाजारात येण्याआधी चाचणीचे तीन टप्पे होतात: ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी. पहिल्यात रचना जमते का ते पाहतात, दुसऱ्यात ती पक्की करतात, तिसऱ्यात कारखान्याची उत्पादनसाखळी तपासतात. कुठली माहिती कधी फुटते हे यावरून ठरतं. स्क्रीनचा आकार सगळ्यात आधी कळतो, कारण पॅनेलच्या ऑर्डरी फार आधी द्याव्या लागतात. कॅमेऱ्याच्या उंचवट्याचा आकार आणि बटणांच्या जागा केस बनवणाऱ्यांच्या डमींतून बाहेर येतात आणि सहसा बरोबर निघतात, कारण केसवाल्याने साचा चुकीचा पाडला तर नुकसान त्याचं. नाव आणि किंमत मात्र शेवटपर्यंत गुलदस्त्यात असतात. १७ एअरला कित्येक महिने सगळे ‘स्लिम’ म्हणत होते, आणि अखेर जे नाव आलं त्यात १७ सुद्धा नव्हतं.

सगळ्यात कच्ची बातमी असते नव्या यंत्रणेची. १५ प्रोला न दाबली जाणारी, फक्त कंप देणारी बटणं येणार म्हणून खूप लिहिलं गेलं. फोन आला तो नेहमीच्या बटणांचा. उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय १३ मध्ये येणार असं बोललं गेलं, ती १४ मध्ये आली. म्हणजे बातमी अगदीच हवेतली असते असं नाही, वर्ष चुकतं. आणि घेणाऱ्याला वर्षच महत्त्वाचं असतं.

१८ प्रो: कशासाठी थांबायचं, कशासाठी नाही

दोन गोष्टींची चर्चा जास्त आहे. पहिली, २ नॅनोमीटरची ए२० चिप. चिप बनवणाऱ्या टीएसएमसीच्या स्वतःच्या आकड्यांनुसार ही प्रक्रिया आधीच्या ३ नॅनोमीटरच्या तुलनेत तितक्याच विजेत १० ते १५ टक्के वेगवान, किंवा तितक्याच वेगात २५ ते ३० टक्के कमी वीज खाणारी आहे. यावरून बॅटरी ३० टक्के जास्त चालेल असं समजू नका. दिवसभरात वीज खाणाऱ्यांत स्क्रीन आणि मोडेमही असतात, आणि त्यांना चिपच्या प्रक्रियेचा फायदा होत नाही. गेम किंवा लांब व्हिडिओ रेकॉर्डिंग करणाऱ्याला फरक जाणवेल. मेसेज आणि नकाशा वापरणाऱ्याला जेमतेम.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे: मुख्य कॅमेऱ्याला कमी-जास्त होणारं ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत सोडणारं छिद्र. आताच्या प्रोमध्ये ते एफ/१.७८ वर कायम आहे. सेन्सर मोठा आणि ॲपर्चर उघडं, त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत फोकसची पट्टी अगदी पातळ होते. छापील पानाचा फोटो जवळून काढून पाहा: मधल्या ओळी कोरीव, कडेची अक्षरं विरघळलेली. वीसेक सेंटिमीटरच्या आत गेलात तर फोन आपणहून अल्ट्रावाइडवर उडी मारतो आणि रंग, कोन दोन्ही बदलतात. ॲपर्चर बारीक करता आलं तर हा त्रास जाईल. पण तो आजही बराचसा टाळता येतो: २ पट झूम लावा आणि थोडं मागे सरका, कडा सुधारतात. एवढ्याने भागत असेल तर वर्षभर थांबू नका. शिवाय हा हलणारा यांत्रिक भाग आहे, म्हणजे नेमका तोच प्रकार जो शेवटच्या टप्प्यात गळतो.

१६ प्रो किंवा १५ प्रो वापरत असाल तर सप्टेंबरपर्यंत थांबायला हरकत नाही, कारण हातातला फोन काही मागे पडलेला नाही. १३ प्रो किंवा त्याआधीचा असेल आणि प्रोच हवा असेल, तर १७ प्रो पुरेसा मोठा बदल आहे: उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर, ॲल्युमिनियमची एकसंध चौकट, तिन्ही मागचे कॅमेरे ४८ मेगापिक्सेलचे. टायटॅनियमपेक्षा ॲल्युमिनियम उष्णता चांगली पसरवतं, म्हणून लांब रेकॉर्डिंगमध्ये हा फोन आधीच्यापेक्षा उशिरा मंदावतो. कॅमेऱ्याच्या उंचवट्याच्या धारेवर रंग लवकर खरचटतो, तेव्हा ती कड झाकणारं केस घ्या.

चौथी जागा: एअर आणि घडीचा फोन

मालिकेतली चौथी जागा कधीच स्थिर राहिलेली नाही. १२ आणि १३ मध्ये मिनी, १४ ते १६ मध्ये प्लस, मग एअर. छोटा फोन हवा म्हणून मिनीची वाट पाहणारे अजून पाहतच आहेत. त्यामुळे या जागेवरचा फोन आवडला तर तो आहे तेव्हाच घ्यावा. पुढच्या आवृत्तीवर भरवसा ठेवू नये.

एअर ५.६ मिलिमीटर जाड आणि १६५ ग्रॅमचा आहे, हातात घेतला की मोह होतो. काय सोडावं लागतं तेही बघा: मागे एकच कॅमेरा, त्यामुळे अल्ट्रावाइड नाही आणि मॅक्रो (अगदी जवळून फोटो) नाही, आवाज फक्त वरच्या स्पीकरमधून, यूएसबी २, आणि जगभर कुठेही सिमचा खाचा नाही. फोन बंद पडला तर सिम काढून दुसऱ्यात घालता येत नाही, सेवा देणाऱ्या कंपनीकडून ई-सिम नव्याने घ्यावं लागतं. आपली कंपनी ई-सिम देते का, आणि हरवलेल्या फोनवरून ते कसं हलवते, हे आधी विचारा.

घडीच्या आयफोनबद्दल पुस्तकासारखी उघडणारी, पावणेआठ इंचांच्या आसपासची आतली स्क्रीन आणि कडेला बोटाचा ठसा ओळखणारं टच आयडी असं ऐकू येतं. पहिल्या पिढीपासून दूर राहा, एवढंच सांगेन. सॅमसंगचा पहिला फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये समीक्षकांच्या हातातच बिघडला: काहींनी वरचा थर साधा स्क्रीनगार्ड समजून सोलला, काही ठिकाणी बिजागरीतून कचरा आत गेला. बाजारात यायला सप्टेंबर उजाडला. तंत्र आता खूप पुढे गेलं आहे, पण आतली स्क्रीन अजूनही नखाला मऊच आहे.

ई वर्गाचा (मालिकेतला स्वस्त) फोन घेणार असाल तर तीनच गोष्टी तपासा: स्क्रीन ६० हर्ट्झची आहे का, मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारं चार्जिंग) आहे का, मागे कॅमेरे किती. फेब्रुवारी २०२५ च्या १६ई मध्ये ६० हर्ट्झ, मॅगसेफ नाही, कॅमेरा एक अशी उत्तरं होती.

थांबायचंच असेल तर

आधी हातातल्या फोनची बॅटरी पाहा: सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. १५ पासून पुढच्या मॉडेलांत चार्जिंग सायकलही दिसतात. ॲपलच्या मते १५ आणि त्यानंतरच्यांची बॅटरी १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखते, १४ आणि त्याआधीच्यांची ५०० नंतर. क्षमता ८० च्या खाली गेली असेल तर फोन जुना झाला असं वाटतं, पण दुखणं बॅटरीचं असतं. ती बदलली की वर्षभर आरामात निघतं. फक्त ११ वाल्यांनी हा खर्च विचार करून करावा. २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर आयओएस २६ मधून वगळले गेले, आणि वयाने पुढचा नंबर ११ चा आहे.

जुना फोन बदल्यात देणार असाल तर सप्टेंबरच्या घोषणेआधी त्याची किंमत ठरवून घ्या. घोषणेनंतर ती घसरते. देण्याआधी बॅकअप घ्या, घड्याळ जोडलेलं असेल तर ते सोडवा, आणि ‘फाइंड माय’ बंद करून मगच फोनमधला सगळा डेटा पुसा. हे राहिलं तर ॲक्टिव्हेशन लॉक तसंच राहतं आणि घेणारा फोन परत पाठवतो.