किंग यांचे उपदेश मुळातून वाचायचे तर: स्टॅनफर्डच्या ऑनलाइन संग्रहाचे परीक्षण

मार्टिन ल्यूथर किंग आपल्याकडे पोचले ते पुढारी म्हणून. मोर्चा, तुरुंग, नोबेल आणि वॉशिंग्टनचे ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषण. पेशाने ते बॅप्टिस्ट पंथाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. 1954 ते 1960 माँटगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू मंडळीत (चर्चमध्ये) आणि नंतर मरेपर्यंत अटलांटाच्या एबनेझर मंडळीत वडिलांच्या जोडीने. रविवारच्या उपासनेत हा माणूस वंशभेदाबद्दल, चर्चबद्दल, जाहिरातींबद्दल, गाण्यांबद्दल काय बोलत होता, हे पाहायचे तर सुविचारांचे संग्रह कुचकामी आहेत. त्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या किंग इन्स्टिट्यूटचे संकेतस्थळ गाठावे. ते मोफत आहे आणि खाते उघडावे लागत नाही. ऑगस्ट 1962 पर्यंतच्या मजकुरासाठी याच्या तोडीचे दुसरे काही नाही. त्यापुढे मात्र संग्रह विरळ होत जातो.

यामागचे काम मोठे आहे. 1985 मध्ये कोरेटा स्कॉट किंग यांनी इतिहासकार क्लेबोर्न कार्सन यांच्याकडे पतीच्या कागदपत्रांचे संपादन सोपवले. 14 खंडांची योजना ठरली. पहिला खंड 1992 मध्ये आला, सातवा 2014 मध्ये. संकेतस्थळावर दिसणारी बहुतेक कागदपत्रे या छापील खंडांतूनच आलेली आहेत, म्हणून त्यांना संपादकीय टिपणांची जोड आहे. शोधताना हे ध्यानात असले की निम्मे कोडे सुटते. कोणता कागद सापडेल आणि कोणता नाही, हे त्या खंडांच्या तारखा ठरवतात.

कागदाच्या पानावर आधी लेखक, तारीख, ठिकाण आणि प्रकार येतो. मग संपादकांचे छोटे निवेदन, मूळ मजकूर आणि तळटिपा. अगदी खाली मूळ प्रत कुठे आहे याची एक ओळ असते आणि नवखा वाचक नेमकी तीच सोडून देतो. ‘टीएलएस’ म्हणजे सही केलेले टंकलिखित पत्र, ‘टीडी’ म्हणजे टंकलिखित कागद, ‘पीडी’ म्हणजे छापील मजकूर आणि ‘एटी’ म्हणजे ध्वनिफीत. उपदेशांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. ध्वनिफितीवरून उतरवलेल्या उपदेशात मंडळीचे ‘होय’, ‘आमेन’ असे प्रतिसाद कंसात येतात. कुठल्या वाक्याला माणसे बोलती झाली आणि कुठे गप्प राहिली, हे त्यावरून कळते. टंकलिखित प्रतीवरून फक्त काय बोलायचे ठरले होते एवढेच कळते. या दोहोंत गल्लत केली की किंग यांच्या शैलीबद्दलचे निष्कर्ष चुकतात.

सगळ्यात समृद्ध आहे सहावा खंड, म्हणजे 1948 ते मार्च 1963 या काळातले उपदेश. हे कागद 1997 मध्ये कोरेटा यांच्या घराच्या तळघरात खोक्यांत मिळाले. यात हाताने लिहिलेली टाचणे आहेत, खोडलेले शब्द आहेत, खोडाखोड वाचता आली नाही तिथे चौकटी कंसात तशी नोंद आहे. हॅरी इमर्सन फॉस्डिक यांच्यासारख्या नामांकित उपदेशकांच्या छापील उपदेशांतून किंग काय घेत, कुठे आपली भर घालत, हे तळटीप ओळीगणिक दाखवते. भक्तिभावाने वाचणाऱ्याला याने धक्का बसेल. पण चर्चच्या व्यासपीठाची रीतच तशी होती; ऐकलेला दाखला, वाचलेली मांडणी पुढच्या रविवारी आपल्या मंडळीपुढे ठेवायची. पीएचडीच्या प्रबंधाची गोष्ट वेगळी. तिथली उचल, म्हणजे श्रेय न देता घेतलेला मजकूर, याच प्रकल्पाच्या संपादकांच्या हाती लागली, 1990 मध्ये ती जाहीर झाली. बोस्टन विद्यापीठाच्या समितीने 1991 मध्ये ती मान्य केली, पदवी मात्र काढून घेतली नाही. ज्यांचे पुतळे उभे राहतात त्यांचे कागद इतक्या निर्भीडपणे छापणारा संपादकवर्ग आपल्याकडे हवा होता, असे वाटून जाते.

वंश आणि श्रद्धा या जोडविषयाची सुरुवात ‘मीट द प्रेस’ या अमेरिकन टीव्ही-मुलाखतीच्या शब्दांकनापासून करावी. तारीख 17 एप्रिल 1960, त्या दिवशी ईस्टर होता. रविवारी सकाळी अकराची वेळ ही ख्रिस्ती अमेरिकेतली वंशानुसार सर्वांत विभागलेल्या वेळांपैकी एक, हे किंग यांचे गाजलेले म्हणणे याच कार्यक्रमातले. सुटे वाचले की ते गोऱ्यांच्या चर्चवरचा टोला वाटते. पूर्ण शब्दांकनात मात्र ते एका अडचणीच्या प्रश्नाचे उत्तर आहे: तुमच्या अटलांटाच्या मंडळीत गोरे सभासद किती? एकही नाही, असे किंग कबूल करतात. आमची मंडळी विभागलेली आहे, पण विभागणारी नाही, कुणी गोरा आला तर त्याचे स्वागतच होईल, असा बचावही करतात. चर्च एकत्र आणणे सरकारच्या हातातले नाही, हेही तिथेच सांगतात. पत्रकाराने कोंडीत पकडलेला पाळक पाहायचा असेल तर हा कागद वाचावा.

त्यानंतर 4 नोव्हेंबर 1956 चा डेक्स्टरमधला उपदेश. प्रेषित पौलाने अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांना पत्र धाडले आहे, अशी कल्पना. विज्ञानात इतके पुढे गेलात, नीतीत का मागे, इथपासून गोऱ्यांची मंडळी वेगळी आणि काळ्यांची वेगळी कशी, इथपर्यंत पौल झाडाझडती घेतो. भांडवलशाहीच्या गैरवापरावरही बोलतो. बसमधल्या वंशभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बस-बहिष्कार तेव्हा अकराव्या महिन्यात होता. ती तारीख डोळ्यांपुढे ठेवून वाचले तर शेवटाकडचा छळ सोसण्याचा भाग पोकळ वाटत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत किंग यांच्या घरावर बाँब पडला होता.

माध्यमांच्या बाजूने पाहायचे तर चौथ्या खंडातला ‘एबनी’ या काळ्या वाचकांच्या मासिकातला सल्ल्याचा स्तंभ चुकवू नये. सप्टेंबर 1957 ते डिसेंबर 1958 या काळात किंग वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. इथला पाळक स्मारकातल्या पाळकापेक्षा बराच जुन्या वळणाचा आहे. गॉस्पेल (चर्चचे भक्तिसंगीत) आणि रॉक अँड रोल दोन्ही वाजवणाऱ्या वादकाला ते दोन्हींचा मेळ बसत नाही असे स्पष्ट सांगतात. चर्चच्या संगीतात उथळ गाणे मिसळू नये, हे त्यांचे मत. नवरा बाहेर भानगड करतो म्हणून लिहिणाऱ्या बाईला तिच्यातच काही उणे आहे का, हे तपासायला सांगतात. आज ही उत्तरे खटकतात आणि खटकलीच पाहिजेत. स्तंभ सलग वाचावा, एकदोन उत्तरे उचलू नयेत. अणुबाँबवरचे आणि वंशभेदावरचे त्यांचे ठाम उत्तर आणि घरगुती भांडणावरचे हे उत्तर एकाच लेखणीचे आहे, हे तेव्हाच जाणवते.

मराठी वाचकासाठी पाचवा खंड जवळचा. 9 फेब्रुवारी 1959 च्या रात्री किंग दांपत्य मुंबईत उतरले, दुसऱ्या दिवशी दिल्लीला गेले, मार्चच्या 10 तारखेपर्यंत देशभर फिरले. मुंबईच्या दुसऱ्या फेरीत त्यांचा मुक्काम गांधींच्या मुंबईतल्या जुन्या निवासस्थानी, मणिभवनात होता. जुलै 1959 च्या ‘एबनी’त त्यांनी लिहिलेला प्रवासलेख इथे पूर्ण मिळतो. त्यात वृत्तपत्रांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे: 381 दिवसांच्या बहिष्काराची सलग बातमी अमेरिकेतल्या बहुतेक पत्रांपेक्षा भारतीय पत्रांनी अधिक नीट दिली असावी.

प्रवासाहून परतल्यावर 22 मार्च 1959 ला, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), डेक्स्टरमध्ये त्यांनी गांधींवर उपदेश केला. शास्त्रपाठ योहान 10:16, या मेंढवाड्यातली नव्हेत अशी दुसरी मेंढरे. ख्रिस्ती नसलेल्या माणसाला ख्रिस्ताच्या कळपात मोजणे ही त्या व्यासपीठावरून धाडसाची गोष्ट होती आणि उपदेश म्हणून तो सुंदर आहे. इतिहास म्हणून तो जपून वाचावा. अस्पृश्यतेविरुद्धच्या उपवासाची कथा किंग अशी सांगतात: गांधी मरणाच्या दारी पोचले, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकत्र आले, जातिव्यवस्था पाळणार नाही अशी सही झाली, देवळे उघडली. प्रत्यक्षात येरवड्याचा 1932 चा उपवास स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात होता. 24 सप्टेंबरच्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांतल्या 148 राखीव जागा ठरल्या आणि तो करार बाबासाहेब आंबेडकरांना कोणत्या दडपणाखाली करावा लागला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. किंग यांनी यजमानांकडून जे ऐकले ते सांगितले. यजमान कोण होते, हे खंडातल्या प्रवासाच्या नोंदींवरून कळते. हा उपदेश आणि त्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. त्रिवेंद्रमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी आपली ओळख अमेरिकेतला अस्पृश्य बांधव अशी करून दिली आणि आधी आपल्याला धक्का बसला, हा प्रसंग किंग यांनी 4 जुलै 1965 च्या एबनेझरमधल्या उपदेशात सांगितला. तो मात्र खंडांच्या मर्यादेबाहेरचा.

इथूनच संग्रहाची अडचण सुरू होते. सातवा खंड ऑगस्ट 1962 ला थांबतो. बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले 16 एप्रिल 1963 चे पत्र त्यानंतरचे. आठ गोऱ्या धर्मगुरूंना, त्यांत एक ज्यू रब्बी, दिलेले ते उत्तर. मवाळ गोऱ्यांवरची त्यांची सर्वांत कडक टीका त्यातच आहे. म्हणजे सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या कागदालाच त्या सात खंडांतल्या तळटिपांचा आधार नाही. 4 फेब्रुवारी 1968 च्या ‘ड्रम मेजर’ (मिरवणुकीतल्या बँडचा म्होरक्या) उपदेशाचेही तेच. मार्क 10:35 पासूनचा उतारा, जब्दीचे पुत्र मानाच्या जागा मागतात तो. मिरवणुकीत पुढे चालण्याची हौस माणसाला कुठे नेते, हे दाखवताना किंग जाहिरातींवर येतात: अमुक दारू प्यालात तर प्रतिष्ठित, अमुक गाडी घेतलीत तर शेजारी जळतील. मग सभासदांत डॉक्टर किती याचा तोरा मिरवणाऱ्या मंडळ्यांवर, मग गोऱ्या तुरुंगरक्षकांचा पगार ऐकून तुम्हीही आमच्यासारखेच गरीब आहात, आमच्याबरोबर चाला, असे सांगितल्याच्या आठवणीवर. संस्कृती, माध्यम, वंश आणि चर्च एकाच वेळी हाताळणारा त्यांचा याहून चांगला उपदेश नाही. याची मूळ कल्पना जे. वॉलेस हॅमिल्टन यांच्या उपदेशातली, ते माहीत असूनही हे मत बदलत नाही.

वॉशिंग्टनच्या स्मारकावर 2011 मध्ये याच उपदेशातले ‘मी न्यायाचा ड्रम मेजर होतो’ अशा अर्थाचे वाक्य छाटून कोरले. ‘म्हणायचेच असेल तर’ हा सुरुवातीचा भाग गाळल्याने विनय गेला आणि बढाई राहिली. 2013 मध्ये ते पुसावे लागले. अवतरण वापरण्याआधी या संग्रहात पूर्ण परिच्छेद काढून पाहायचा, तो यासाठी.

वापरातल्या तक्रारी थोड्या आहेत पण रोजच्या आहेत. पूर्वीच्या लेखांत दिलेले दुवे बरेचसे मोडले आहेत, तेव्हा कागदाचे इंग्रजी शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधावे. विषयापेक्षा तारखेने शोधणे खात्रीचे, कारण एकच उपदेश किंग यांनी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गावी दिला आहे आणि शीर्षक तेच राहिले आहे. नावे अडली तर त्याच स्थळावरचा कोश उपयोगी. नोंदी आटोपशीर आहेत. किंग यांनी 1964 मध्ये बोस्टन विद्यापीठाला दिलेले कागद आणि 2006 मध्ये मोरहाउस कॉलेजसाठी विकत घेतलेला संग्रह हे मूळ कागदांचे साठे, संशोधकासाठी. साध्या वाचकाला स्टॅनफर्डच पुरे.

अनुवाद करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी. मजकूर मोफत वाचता येतो, याचा अर्थ तो मुक्त आहे असा नाही. किंग यांच्या वारसांची संस्था हक्कांबाबत कडक आहे. 1999 मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणावरून सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयानेही तिचीच बाजू उचलून धरली होती. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुरावर मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. किंग 4 एप्रिल 1968 ला गेले, म्हणजे तो 2028 च्या अखेरीपर्यंत. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या टाचणांना वेगळा हिशोब लागतो, तिथे 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात. सहावा खंड 2007 चा आहे, त्यामुळे तळघरातल्या त्या कागदांचा मराठी अनुवाद छापायचा असेल तर लेखी परवानगीला पर्याय नाही.