ट्युलिपच्या पैशांत गोल्टी कांदा

गेल्या नोव्हेंबरात मी माझ्या वर्गातल्या ३२ मुलांकडून प्रत्येकी ४० रुपये गोळा केले आणि ते सगळे, १,२८० रुपये, एका अनोळखी माणसाला यूपीआयने पाठवले. त्या पैशांत मुलांना ट्युलिपचे कंद मिळायचे होते. मिळाले कांदे. पैसे माझे असते तर मी गप्प बसले असते. ते मुलांचे होते, काहींनी तर खाऊच्या डब्यातली नाणी मोजून आणली होती. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते आहे. हंगाम आला की अशा जाहिराती पुन्हा सुरू होतात.

मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. तेव्हा माझा वर्ग तिसरीचा होता. परिसर अभ्यासात झाडाचे भाग शिकवताना मला वाटलं, मुलांनी एकेक कंद स्वतः लावावा, रोज फूटपट्टीने मोजावा, वहीत लिहावा. बी पेरलं की दहा दिवस मातीकडे बघत बसावं लागतं, मुलांचा धीर सुटतो. कंदाचं तसं नसतं. अन्नाचा साठा आतच असतो, त्यामुळे कोंब लवकर वर येतो. नेमकी त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली : ट्युलिप, सहा रंग, ‘काश्मीरहून थेट’, लावल्यापासून ३० दिवसांत फूल.

फोन केला तर समोरचा माणूस मराठीच बोलत होता. “ताई, शाळेसाठी आहे ना? मग चार कंद माझ्याकडून जादा,” म्हणाला. त्या चार कंदांनीच मी विरघळले. घरपोच आल्यावर पैसे देते म्हटलं, तर म्हणाला की नाजूक माल आहे, परत आला तर मरतो, म्हणून आधीच घेतो. मला ते पटलं. पटायला नको होतं.

आठ दिवसांनी खोकं आलं. नारळाच्या भुशात मोजून छत्तीस नग, प्रत्येकावर गुलाबी भुकटी. सोबत छापील कागद : ही बुरशीनाशक पावडर आहे, कंद धुऊ नये, वरचं साल काढू नये, नाहीतर कंद कुजतो. संख्या बरोबर भरली म्हणून मी खूश झाले. ती सूचना कशासाठी होती ते आज कळतं. सुक्या, न सोललेल्या कांद्याला फारसा वास येत नाही. साल काढलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं.

मुलांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, माती भरली, वर नावं लिहिली. पाच-सहा दिवसांतच हिरवे कोंब दिसले आणि वर्गात नुसता जल्लोष. दोन आठवड्यांत पाती वीतभर झाल्या. मग एका सकाळी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या आजोळी खटावला कांदा असतो, डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याने पातीचं टोक मोडून मला दाखवलं. आतून पोकळ, नळीसारखं. “बाई, ही कांद्याची पात हाय. आमच्यात ह्याला गोल्टी म्हणत्यात.” मी ते नाकाशी नेलं आणि माझे हातपाय गार पडले. ट्युलिपचं पान रुंद, जाडसर, खोडाला बिलगून येणारं असतं. गोल्टी म्हणजे बाजारात प्रतवारी करताना बारीक म्हणून बाजूला काढलेला कांदा. तोच मला चाळीस रुपये नगाने विकला होता.

त्या दिवशी पैशांपेक्षा मोठी भीती वेगळीच होती. उरलेल्या चार कंदांपैकी एक, एका मुलीने हट्टाने घरी नेला होता. “कांदाच आहे” असं ती घरी सांगेल आणि तो भाजीत चिरला जाईल, हे डोक्यात आलं आणि मी मधल्या सुट्टीतच तिच्या आईला फोन लावला. तो कंद स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीत पडला होता, गुलाबी भुकटीसकट. मी त्यांना तो फेकायला सांगितला, टोपलीतले बाकीचे कांदेही धुऊन घ्यायला सांगितले. बाकी मुलांकडून डबे परत घेतले, सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. त्या भुकटीत नक्की काय होतं, हे त्या विकणाऱ्याने कधीच सांगितलं नाही.

आणि समजा कांद्यांऐवजी डॅफोडिल या फुलझाडाचे कंद आले असते, तर? ते दिसायला कांद्यासारखेच असतात आणि विषारी असतात, खाल्ले तर उलट्या होतात, शिजवूनही विष जात नाही. ट्युलिप आणि हायसिंथच्या कंदांनी नाजूक कातडीला खाज सुटते. आपल्याकडची कळलावी दिसायला किती सुंदर, पण तिचा कंद जिवावर बेतणारा, तिला लहान मुलांच्या आसपास आणूच नये. मुलांसाठी कंद विकणाऱ्याने हे स्वतःहून सांगायला हवं. मला विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नाही.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, पाणी जास्त झालं. मग म्हणाला, पॅकिंगवाल्याची चूक, नवीन माल पाठवतो, फक्त कुरिअरचे १९० रुपये टाका. मी तेही टाकले. आपलं काहीतरी परत मिळेल या आशेने माणूस दुसऱ्यांदा फसतो, तिथेच त्यांचा धंदा चालतो. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक.

मग मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाले, पैसे मिळाले नाहीत, कारण माझा उशीर झाला होता. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत. मी महिना घालवला होता. संभाषणाचे स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवा. मी ते ठेवले म्हणून तक्रार तरी घेतली गेली. मुलांचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले.

नंतर वाचलं, माहितगारांना विचारलं, तेव्हा लक्षात आलं की जाहिरातीतच खोटं उघडं पडलेलं होतं. ट्युलिपच्या कंदाला फूल धरण्यासाठी साधारण १२ ते १६ आठवडे कडक थंडी लागते. म्हणून श्रीनगरला, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप उद्यानातही कंद हिवाळ्याआधी लावतात आणि फुलं मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येतात. साताऱ्याच्या हवेत थंडी न दिलेला कंद पानं काढेल, फूल नाही. म्हणून कंदांना किती आठवडे थंडी दिली आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा, कंदाचा घेर किती सेंटिमीटर. ट्युलिपचा बरा कंद ११-१२ सेंटिमीटर घेराचा असतो आणि जाणता विक्रेता हा आकडा लगेच सांगतो. माझे नग सुपारीपेक्षा थोडे मोठे होते. तिसरा, जातीचं नाव. नुसतं ‘मिक्स’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि फोटोत निळाशार ट्युलिप दिसला तर तिथेच थांबा, खरा निळा ट्युलिप नसतोच. त्या नावाने जे विकतात ते जांभळट असतात.

खरं तर वर्गासाठी इतक्या लांब जायची गरजच नव्हती. पावसाळी लिलीचे कंद ओळखीच्या बागेतून फुकट मिळतात, मोठा पाऊस पडून गेला की काही दिवसांत गुलाबी फुलं येतात. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावतात. ऑक्टोबरच्या आसपास ग्लॅडिओलस लावला तर अडीच-तीन महिन्यांत दांडा येतो, म्हणजे मुलांना शाळेतच फूल बघायला मिळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या दोन्ही फुलांच्या जाती आहेत, निशिगंधात ‘फुले रजनी’, ग्लॅडिओलसमध्ये ‘फुले गणेश’.

हीच मुलं आता चौथीत आहेत आणि वर्ग माझ्याकडेच आहे. यंदा ऑक्टोबरात मी स्वतः एका फुलशेतकऱ्याच्या शेतावर जाऊन, हातात घेऊन, ग्लॅडिओलसचे कंद आणले. पैसे तिथेच दिले. वर्गात पिशवी उघडली तेव्हा आधी एक कंद टेबलावर ठेवून चाकूने उभा कापला. आत कांद्यासारखे पापुद्रे नव्हते, सुरणासारखा भरीव गर होता. तो खटावच्या आजोळचा मुलगा पुढे आला, दोन्ही फोडी नाकाशी धरून वास घेतला, पुन्हा घेतला. मग मागे वळून वर्गाला म्हणाला, “लावा रे.”