व्हीलर पीक कॅम्पग्राउंड, एका हंगामाच्या वापरानंतर: ओढ्याकाठच्या जागेसाठी धावू नका

तंबू आतून भिजतो या माझ्या तक्रारीवर तो बनवणाऱ्या कंपनीने गेल्या आठवड्यात ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असे कळवले आणि वर नव्या तंबूवर थोडी सवलत देऊ केली. तक्रार त्यांच्या लेखी निकाली निघाली असली तरी माझे समाधान झालेले नाही. म्हणून संपूर्ण हंगामाचा अनुभव एकदा सविस्तर लिहून काढतो आहे. हा अनुभव अर्धा तंबूचा आणि अर्धा जागेचा आहे, कारण तंबू कुठे ठोकला हे सांगितल्याशिवाय तो कसा निघाला हे सांगता येत नाही.

जागा म्हणजे नेव्हाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातले व्हीलर पीक कॅम्पग्राउंड. उंची ९,८८६ फूट, म्हणजे तीन हजार मीटरच्या किंचित वर. एकूण जागा ३७. वीजजोडणी नाही, अंघोळीची सोय नाही. आणि वाटेतल्या अप्पर लीमन क्रीक कॅम्पग्राउंडच्या पुढे २४ फुटांहून लांब गाडीला मज्जाव. आरक्षण करणाऱ्याला हे सर्व आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्यात शिरत नाही. आम्ही सॉल्ट लेक सिटीला राहतो. तिथून हे उद्यान सुमारे चार तासांवर आहे, आणि जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत जमेल त्या शनिवार-रविवारी आम्ही तिथेच गेलो. त्यामागे निसर्गप्रेमाइतकाच हिशेबही आहे, कारण या उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. मुक्कामाच्या तळावरची जागा आणि लीमन गुहेचे तिकीट यांचेच काय ते पैसे पडतात. वरच्या रस्त्यांवर गर्दी नसते, आणि यूटाची हद्द ओलांडताच घड्याळ एक तास मागे जाते, तो तासही फुकटात मिळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या तळावर सर्वांचा डोळा ओढ्याकाठच्या जागांवर असतो. छायाचित्रे त्यांचीच निघतात, आरक्षण उघडले की त्याच आधी संपतात, आणि मीही सुरुवातीला पहाटे संगणकासमोर बसून तीच जागा मिळवली. लीमन ओढा वरच्या हिमकड्यांखालून येतो, अ‍ॅस्पेनच्या झाडीतून खळाळत जातो आणि पाणी इतके नितळ असते की तळाचा गोटा न् गोटा मोजावा. हे पाणी कुठल्याही समुद्राला मिळत नाही. या साऱ्या प्रदेशाचे पाणी आतल्या आत, कोरड्या खोऱ्यांत जिरते. कृष्णा-कोयनेच्या देशातून आलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो. दिवसभर त्या काठावर बसण्यासारखे सुख नाही, हे मी निःसंकोच मान्य करतो. तक्रार आहे ती रात्रीची.

पहिल्याच मुक्कामात पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने पाणी गळू लागले. बाहेर पाऊस नव्हता, ढग नव्हते, आकाश स्वच्छ होते. तरीही बाहेरच्या कापडाची आतली बाजू ओलीचिंब होती, आणि कोणी कूस बदलताना तंबूला धक्का लागला की थेंब थेट तोंडावर पडत होते. स्लीपिंग बॅगांचे पायाकडचे टोक भिजले होते. नेव्हाडा हे अमेरिकेतील सर्वांत कोरडे राज्य आहे, खालच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल सेजच्या करड्या झुडपांशिवाय काही दिसत नाही, आणि अशा ठिकाणी आपला तंबू भिजतो म्हणजे कापडच सदोष असणार, या समजुतीने मी घरी परतताच कंपनीला लिहिले. त्यांनी शिवणींची छायाचित्रे मागवली, ती पाठवली. मग तंबू परत पाठवावा, मात्र टपालखर्च ग्राहकाने सोसावा असे सुचवले. मग दुसऱ्याच व्यक्तीने पहिल्यापासून सर्व माहिती पुन्हा मागितली. शेवटी उत्तर आले की ही गळती नसून दव आहे, आणि दवाला हमी लागू होत नाही.

उत्तराचा सूर उर्मट होता, पण त्यातले शास्त्र खोटे नव्हते, हे मला पुढच्या मुक्कामांत समजत गेले. म्हणून तंबूबद्दलचे मत इथे थोडे बदलावे लागते. कोरड्या, निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते. तिला लागून असलेली हवा गार होते, गार झाल्याने जड होते, आणि जड झाल्याने उताराने खाली सरकू लागते. पाण्याने जी वाट धरली तीच ही हवाही धरते, म्हणजे ओढ्याचे पात्र. सूर्य कड्याआड गेल्यावर थोड्याच वेळात काठावर वरून येणारी एक बारीक, सतत वाहणारी झुळूक अंगाला लागते; ती हीच. त्यात ओढ्याचा, ओल्या गवताचा आणि झाडांचा दमटपणा मिसळतो, तंबूत माणसांच्या श्वासाची वाफ असतेच, आणि गार पडलेले कापड दिसताच ही सारी वाफ त्यावर बसते. तंबू कितीही महागाचा असला तरी त्याला यातून सुटका नाही.

माझी आई या उन्हाळ्यात साताऱ्याहून आली होती. तिने ही जागा पाहताच, पाठीवरची शाल नीट करत, एकच वाक्य उच्चारले: “अरे, ओढ्याच्या लवणात गोठासुद्धा कुणी बांधत नाही, आणि तू लेकराला झोपवतोस?” मी तिला हवा जड होण्याचे कारण समजावू लागलो, तेव्हा ती म्हणाली की कारण तुझ्याजवळ ठेव, आधी बिऱ्हाड हलव.

बिऱ्हाड त्या रात्री हलवता आले नाही, कारण तळ भरलेला होता. मात्र मी दोन साधे थर्मामीटर आणले होते. एक काठावरच्या आमच्या जागेवर टांगला आणि दुसरा ओढ्यापासून साठ-सत्तर पावलांवर, साधारण दोन पुरुष उंच अशा टेपाडावर, तिथल्या वृद्ध शेजाऱ्याच्या परवानगीने. पहाटे काठावर १ अंश सेल्सिअस होते आणि टेपाडावर ५. शेजाऱ्याचा तंबू माझ्यापेक्षा कितीतरी स्वस्तातला आणि जुना होता, तरी त्यावर हात फिरवला तर तो कोरडा! नंतर आम्ही मुद्दाम वरच्या बाजूच्या जागा निवडल्या. त्या सहज मिळतात, कारण त्या कोणालाच नको असतात. तिथे तोच तंबू, तीच माणसे, तीच उंची. आतल्या बाजूला नावापुरता दमटपणा, थेंब एकही नाही, आणि सकाळी ऊनही काठापेक्षा लवकर येते. मुलाची सकाळची कुरकुर थांबली, हा याचा खरा पुरावा मानावा.

तथापि कंपनीला मी पूर्ण निर्दोष ठरवणार नाही. या तंबूच्या माथ्यावर हवा खेळती राहावी म्हणून दोन झरोके आहेत. झरोक्याची झापड उघडी राहावी यासाठी बोटभर लांबीची प्लास्टिकची काडी दिली आहे आणि ती वेल्क्रोच्या नखाएवढ्या तुकड्यावर टेकते. कापड ओले झाले की वेल्क्रो सुटतो, काडी घसरते, झापड बसते आणि झरोका बंद होतो. म्हणजे ज्या क्षणी हवा खेळायला हवी त्याच क्षणी ती कोंडते. हे रात्री दोन वाजता विजेरी तोंडात धरून मी स्वतः पाहिले आहे. शेवटी कपडे वाळत घालायच्या चिमट्याने ती काडी झापडीला पक्की केली, आणि चिमट्याने हंगामभर दगा दिला नाही. इतक्या किमतीच्या वस्तूत ही सोय चिमट्याने करावी लागते, हे मी कंपनीला लिहिले होते. त्यावर त्यांनी सूचनेबद्दल आभार मानले आणि सवलतीची आठवण करून दिली.

काठाचा गारठा स्वयंपाकालाही छळतो. आपल्याकडची बहुतेक कुटुंबे तळावर बुटेन वायूच्या लांबट डब्यावर चालणारी टेबलावरची शेगडी नेतात, कारण ती आणि तिचे डबे आशियाई किराणा दुकानात स्वस्त मिळतात. बुटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला उकळते, त्याखाली त्याची वाफ डब्याबाहेर येण्याइतका दाबच उरत नाही. त्यामुळे शून्याजवळ ही शेगडी पेटणारच नाही असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती पेटते. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो आणि तेवढ्या दाबाला बुटेन उणे १० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत राहतो, म्हणजे उंची इथे आपल्या बाजूने असते. पण ज्योत मिणमिणती असते, आणि गॅस उडून जाताना डबा स्वतःही गार होत जातो, त्यामुळे दहा मिनिटांत ती आणखी बसते. काठावर सकाळचा चहा व्हायला इतका वेळ लागे की आईने चहाऐवजी कोमट पाण्यावर भागवले. डबा रात्रभर जाकिटात गुंडाळून अंथरुणात ठेवला तर फरक पडतो. तो विस्तवाजवळ मात्र कधीही नेऊ नये. टेपाडावर, त्या चार अंशांच्या जोरावर, हा उपद्व्याप बराच कमी झाला. कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येऊ शकते, तेव्हा शेगडीलाच शरण जावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

कुकरबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवे, कारण हंगामातला निर्भेळ आनंद त्याने दिला. या उंचीवर पाणी ९० अंशांना उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर नाचत राहते, पण शिजत नाही. साध्या ३ लिटरच्या कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबावर सुमारे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका आणखी दाब चढवते, त्यामुळे आतले तापमान ११५ अंशांच्या आसपास पोहोचते; घरच्यापेक्षा तीनेक अंश कमी, म्हणून एक-दोन शिट्ट्या जास्त, एवढाच फरक. डाळ आधी भिजवली तर तेही लागत नाही. गॅसची बचत तर उघडच आहे. अडचण शिट्टीच्या आवाजाची. रात्री दहानंतर शांततेचा नियम आहे, आणि तो नसता तरी त्या निवांत दरीत पहिली शिट्टी झाली तेव्हा पलीकडच्या जागेवरचे दोघे काय फुटले ते पाहायला धावत आले. त्यांना वरणभात वाढला. तेव्हापासून आम्ही दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकतो.

आकाशाच्या बाबतीतही काठ मागेच पडतो. या उद्यानाला २०१६ साली आंतरराष्ट्रीय गर्द-आकाश उद्यानाचा, म्हणजे कृत्रिम उजेडाने न पुसलेल्या काळोख्या आकाशाचा, दर्जा मिळाला आहे आणि अनेक लोक केवळ त्यासाठी येतात. ओढ्याकाठी मात्र अ‍ॅस्पेन आणि स्प्रूस इतके दाट आहेत की आकाशगंगा तुकड्या-तुकड्यांनी दिसते. आम्ही त्यासाठी रस्त्याने खाली मॅदर ओव्हरलुक या मोकळ्या निरीक्षणस्थळापर्यंत गाडीने जात असू. झाडांचा विषय निघालाच आहे तर एक नोंद करतो. तळापासून चालत जाता येणाऱ्या ब्रिसलकोन पाइनच्या राईत हजारो वर्षांची झाडे आहेत. याच डोंगरावर १९६४ साली संशोधनासाठी तोडलेल्या प्रोमिथिअस नावाच्या झाडाच्या खोडात ४,८६२ वार्षिक वर्तुळे मोजली गेली. ही झाडे उघड्या, खडकाळ, वाऱ्याने झोडपलेल्या कड्यांवर हळूहळू वाढतात आणि त्यांचे लाकूड त्यामुळेच राळेने भरलेले व घट्ट असते. ओढ्याकाठचे अ‍ॅस्पेनचे खोड शंभर-दीडशे वर्षांतच आटोपते. जागा निवडताना मी कोणाचे मत धरावे, हे उघड आहे.

उंचीचा त्रास लहानथोर सर्वांना होऊ शकतो, त्यामुळे थेट वर मुक्काम करण्याआधी एक रात्र ७,७५२ फुटांवरच्या अप्पर लीमन क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये काढावी. सॉल्ट लेक सिटी ४,२०० फुटांवर आहे. तिथून एका दिवसात जवळजवळ दहा हजार फुटांवर जाऊन झोपल्यावर मला डोकेदुखी झाली आणि आईला झोप लागली नाही. खालच्या तळावर थंडी चार-एक अंशांनी सौम्य असते, तोच ओढा तिथेही आहे, आणि तिथेही मी काठापासून दूरचीच जागा घेतली.

ओढ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जून-जुलैत त्याचा आवाज इतका भरदार असतो की शेजारच्या गाड्यांची दारे, लहान मुलांचे रडणे, कोणाचे घोरणे, काहीही ऐकू येत नाही. ज्याला झोपेत आवाज खुपतो त्याने गारठा पत्करून काठाची जागा घेतली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण बर्फ वितळून संपले की पाणी उतरत जाते, आणि सप्टेंबरात थंडी तेवढी वाढलेली असताना आवाजाचा हा लाभही अर्धा उरतो. त्या महिन्यात काठावर राहण्याचे एकही कारण मला सापडले नाही.

गुण द्यायचे तर कॅम्पग्राउंडला पाचपैकी साडेचार, वरच्या बाजूची जागा मिळाली तर. काठाच्या जागेला तीन. तंबूला मी आधी दोन देणार होतो, आता तीन देतो, चिमट्याचा अर्धा गुण त्यातून वजा करून. सवलतीचा उपयोग मी करणार नाही. कापड धड आहे, शिवणी शाबूत आहेत, आणि पुढच्या जूनमध्ये रस्ता उघडला की हाच तंबू टेपाडावर ठोकायचा आहे. चिमटे मात्र या खेपेला दोन जास्त नेईन.