बाबांची होडी आणि १९७४ चं जॉन्सन मशीन : मालवणकडच्या दोन मिस्त्रींचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आधीच सांगतो, एक स्टार उशिराबद्दल कापलाय. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात असेल असा शब्द होता आणि प्रत्यक्षात दसरा उजाडला. बाकी कामाबद्दल तक्रार जवळजवळ नाही, जी एक आहे ती खाली येईलच. मिस्त्रींची नावं टाकत नाही कारण दोघांनीही "आमचो नंबर खंय टाकू नको, गिऱ्हायकां सांभाळूक जमनत नाय" असं बजावलंय. बंदरात जाऊन जुनी लाकडी होडी कोण करतं आणि जुनं अमेरिकन मशीन कोण उघडतं एवढं विचारलंत की कोणीही बोट दाखवेल.

आमची होडी अठरा फुटी, फळ्या सागाच्या, वांक म्हणजे आतल्या बरगड्या फणसाच्या, मागची बाजू सपाट कापून मशीन लावायला फळी ठोकलेली. बाबा बोटीवर होते, परदेशी जहाजांवर, तिथूनच त्यांनी हे सहा एचपीचं जॉन्सन सीहॉर्स आणलेलं, होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं आउटबोर्ड इंजिन, दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक. गळ टाकायला, खेकडे काढायला, कधी नुसतंच खाडीत फिरायला. ते गेले आणि मग होडी माडाच्या झापांखाली आणि मशीन माळ्यावर, सतरा वर्षं. मी कल्याणला, मे महिन्यात पंधरा दिवस घरी, त्यामुळे दरवर्षी झाप उचलून बघायचं आणि परत ठेवायचं एवढंच व्हायचं.

सुरुवात मी चुकीच्या ठिकाणी केली हे कबूल करतो. मुंबईकडच्या एका वर्कशॉपला फोटो पाठवले, मग मशीन गाडीत घालून नेलं. त्यांनी काय केलं, पिंपात लावून कसंबसं एक मिनिट चालवलं आणि सांगितलं की कूलिंगच्या पाण्याची धार येत नाही, पंप गेला, ब्लॉक जाम आहे, हे भंगारात द्या, आमच्याकडे फोर-स्ट्रोक आहे. वर होडीला बाहेरून पूर्ण फायबर चढवायचं कोटेशन, ८५ हजार. मी जवळपास हो म्हणणार होतो, खरंच, कारण माणूस टाय लावून बोलत होता आणि मला काहीच कळत नव्हतं.

घरी आल्यावर शेजारच्या काकांनी होडीच्या मेस्त्रींकडे पाठवलं. वय सत्तरच्या पुढे, हातात छोटा हातोडा. आले, बसले, चहा घेतला, मग तासभर नुसतं होडीला टकटक टकटक. चांगल्या फळीचा आवाज खणखणीत येतो आणि कुजलेलीचा भद्द, हे एकदा कळलं की आपल्यालाही ऐकू येतं, मी नंतर घरातले सगळे दरवाजे ठोकून पाहिले. खडूने खुणा केल्या. तळाच्या तीन फळ्या गेलेल्या, पठाण, म्हणजे होडीचा कणा, मात्र शाबूत. एक फळी उचकटून दाखवली तर आत बोटाएवढ्या नळ्याच नळ्या, टेरेडोचं काम. त्याला सगळे किडा म्हणतात पण तो खरं म्हणजे शिंपल्यांच्या जातीतला प्राणी, लाकूड पोखरून आतच राहतो, बाहेरून भोक टाचणीएवढं आणि आत सगळं पोकळ. म्हणून होडी अधूनमधून किनाऱ्यावर ओढून वाळवायची असते, तळाला तेल लावायचं असतं. आम्ही शेवटची दोन-तीन वर्षं तिला खाडीतच बांधून ठेवलेली, तेव्हाचं हे.

फायबरचं विचारलं तर म्हातारा हसला. "झिला, लाकडाक वारो लागाक व्हयो. फायबर चढवलंस तर होडी नाय, मढ्याची पेटी होतली." नंतर नीट समजावलं. जुनं लाकूड ओलं असतं, फुगतं, आकसतं. त्याच्यावर फायबरचं कवच बसवलं की ते कवच लाकडाबरोबर हलत नाही, कुठेतरी सुटतं, त्या जागेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते, मग बाहेरून चकचकीत आणि आतून भुसा. नवीन होडी पूर्ण फायबरचीच बांधली तर ती वेगळी गोष्ट, ती चांगली चालते, अर्धं बंदर आता त्याच होड्यांचं आहे. पण जुन्या लाकडावर नको. हे त्यांनी फायबरचे पैसे मिळत असताना सांगितलं, कारण त्यांचा पुतण्या फायबरचंच काम करतो!

मग काम. तीन फळ्या नव्या सागाच्या, दोन वांकांना फणसाचे जोड. जुने लोखंडी खिळे सगळे काढले, खिळ्याभोवती लाकूड काळं पडून मऊ झालेलं होतं, तिथे लाकडाच्या खुंट्या ठोकून बाजूला नवीन गॅल्व्हनाइज्ड खिळे मारले. मी तांब्याचे खिळे म्हणालो, भाव ऐकला आणि गप्प बसलो. मग फटी. जुना मसाला खरवडून काढायचा, कापसाची वात वळून बोथट पटाशीने फटीत ठोकत जायची, फार ढिली ठोकली तर गळते आणि फार घट्ट ठोकली तर फळी फुगल्यावर खिळे उपटते. किती घट्ट? "हाताक कळता." झालं, एवढंच मॅन्युअल. वरून फटी बुजवायला राळ आणि तेलाचं लुकण. शेवटी मुशीचं (शार्क माशाचं) तेल, दोन हात. हल्ली बरेच जण नुसता ऑइल पेंट मारतात, मेस्त्री ऐकत नाहीत, आणि त्या तेलाचा वास, आई गं. आईने आठ दिवस खिडक्या बंद ठेवल्या, आणि ती कोळंबी सुकवणाऱ्या घरातली आहे.

हे सगळं जूनच्या आधी संपायला हवं होतं. पण एप्रिल-मे हा त्यांचा धंद्याचा सीझन, १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि मग सगळ्यांच्या होड्या एकदम वर येतात, प्रत्येकाला आपलीच आधी हवी. पोटापाण्याच्या होड्या आधी, हौसेच्या नंतर, असा त्यांचा सरळ हिशोब. तेव्हा राग आला होता. फोन तर उचलतच नाहीत.

आता मशीन. हे ज्यांनी केलं ते दादा चाळिशीतले, रोजचं काम यामाहा-सुझुकीचं, पण वडिलांबरोबर लहानपणी जुनी जॉन्सन-एव्हिनरूड उघडलेली. मी मुंबईची गोष्ट सांगितली, पाण्याची धार येत नाही वगैरे. ते आधी हसले, मग मशीनच्या पायाची मागची बाजू दाखवली, तिथे भोकं आहेत. हल्लीच्या मशीनला बाजूने पिचकारी उडते, तीच बघायची सवय असते लोकांना, या जुन्या मॉडेलला ती दिलेलीच नाही, याचं पाणी मागच्या भोकांतून धुराबरोबर तुषारासारखं येतं. म्हणजे नसलेली गोष्ट येत नाही म्हणून मशीन भंगारात निघालं होतं! अर्थात इम्पेलर बदलायचा होताच, सतरा वर्षांत रबराच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या. पण ती एका रबरी चक्रीची गोष्ट, ब्लॉकची नाही.

जाम म्हणाले होते तेही अर्धवटच खरं. पिस्टन थोडे धरत होते. दादांनी प्लग काढून दोन्ही भोकांत रॉकेल आणि ऑइल अर्धं-अर्धं ओतलं आणि सांगितलं चार दिवसांनी या, तोपर्यंत दोरी ओढायची नाही, हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी फ्लायव्हील हाताने फिरवलं तर लोण्यासारखं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडर दाब किती धरतो ते, मोजलं, दोन्ही सिलेंडर ९० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, दोघांत फरक नको, म्हणाले.

स्पार्क मात्र एकाच सिलेंडरला. फ्लायव्हील पुलरने काढलं (हे महत्त्वाचं, हातोडीने उडवणारे मिस्त्री असतात, त्यांच्यापासून लांब राहा) तर खाली प्रत्येक सिलेंडरचा वेगळा पॉइंट (उघडझाप करून स्पार्क पाडणारा संपर्क), वेगळा कंडेन्सर, वेगळी कॉइल. एक कॉइल फुटून तडा गेलेली. मला वाटलं संपलं, पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनचे पार्ट कुठून आणणार, कंपनीच उरलेली नाही. जॉन्सन आणि एव्हिनरूड दोन्ही ब्रँड ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) या एकाच कंपनीचे, ती डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे ते ब्रँड बॉम्बार्डिए या कंपनीकडे गेले, आणि २०२० मध्ये एव्हिनरूडही बंद. ज्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये आउटबोर्डचा धंदा खऱ्या अर्थाने चालू केला त्याच्याच नावाचं मशीन आता बनत नाही. पण गंमत अशी की ओएमसीने पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत कितीतरी मॉडेलांना हेच पॉइंट आणि कंडेन्सर वापरले, त्यामुळे बाहेरच्या कंपन्या ते अजून बनवतात. मावसभाऊ न्यू जर्सीहून गणपतीला येणार होता, त्याच्या बॅगेतून चिवड्याच्या उलट्या प्रवासासारखे कॉइल, पॉइंट, इम्पेलर असं सगळं आलं. पॉइंटची गॅप अर्धा मिलिमीटर, दादांनी फीलर गेजने लावली, मग कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये भिजवून पॉइंटच्या मधून ओढली, कारण बोटाचं तेल लागलं तरी स्पार्क मार खातो.

खालच्या गिअरचं ऑइल काढलं ते दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी शिरलेलं, सील बदलले. कार्ब्युरेटर धुतला. पेट्रोलचा पाइप पूर्ण नवा, आणि यावर त्यांनी मला चांगलं झापलं. हल्ली पंपावर मिळतं ते ई-२०, त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं, खाऱ्या हवेत तर विचारू नका. म्हणून फेरी संपली की पाइप काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्ब्युरेटर कोरडा ठेवायचा, टाकीत महिनाभर पेट्रोल सोडायचं नाही. आणि ऑइल बाइकचं टू-टी नाही, आउटबोर्डचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, लिटरला २० मिली. बाबा अंदाजाने ओतायचे आणि धूर कोपऱ्यापर्यंत जायचा, ते मी सांगितलं नाही.

पिंपात चालू केलं तेव्हा तिसऱ्या ओढीला. मागच्या भोकांतून तुषार आले आणि दादा माझ्याकडे बघून नुसते भुवया उडवत होते.

आता ती तक्रार. मेस्त्रींनी मागची फळी बदलताना मजबुतीसाठी दोन इंच उंच केली, दिसायला देखणी, पण हे शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे आखूड पायाचं मशीन, त्याला फळी साधारण १५ इंच उंचीची लागते. दोन इंच वर गेलं की लाटेला पंखा हवा खातो, मशीन नुसतं किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. दादा म्हणाले कापा. मेस्त्री म्हणाले, "मशीन लांब कर, माझी फळी कापूची नाय." दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, मी मध्ये निरोप्या, तीन दिवस. शेवटी मधोमध मशीनपुरती खाच काढली, ती मेस्त्रींनी स्वतःच काढली आणि वर कडेला पॉलिश मारून दिलं, म्हणजे मनात पटलेलं असणार. पण माप आधी विचारायला हवं होतं, चूक त्यांचीच.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी मी घाबरलो. सगळ्या फटींतून पाणी, अर्ध्या तासात घोट्यापर्यंत. ६४ हजार गेले म्हणून मी फोन केला, मेस्त्री आले, बघितलं आणि किनाऱ्यावर बसून विडी ओढायला लागले. "पिऊक दे तिका, सतरा वर्सांची तान हा." दोन रात्री तशीच अर्धी बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी उपसली, फळ्या फुगून फटी बसलेल्या, संध्याकाळपर्यंत तळाला वाटीभर पाणी, बस. हे आधी सांगितलं असतं तर माझं बीपी वाचलं असतं.

खर्च : होडीचे लाकडासकट ६४ हजार, मशीनचे मजुरी आणि इथले पार्ट धरून साडेअकरा, बॅगेतले पार्ट वेगळे. नवीन फायबर होडी आणि नवीन मशीन याच्या तुलनेत स्वस्त, पण वेग मागू नका, सहा एचपी आहे, भरतीच्या उलट गेलात तर बाजूने चालणारा माणूस पुढे जाईल. रोजच्या धंद्याला हे कोणी करू नये, दादा स्वतःच म्हणतात धंद्याला नवीन मशीन घ्या, पार्ट बंदरात मिळतात. माझ्यासारख्या गळ टाकणाऱ्याला ठीक.

सर्व्हिसबद्दल एकच गोष्ट सांगतो. तिसऱ्या फेरीला खाडीच्या तोंडाशी मशीन बंद. दोरी ओढून हात दुखले, ओहोटी लागलेली, होडी हळूहळू बाहेर. दादांना फोन लावला, रविवार दुपार, जेवत होते. म्हणाले टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. बंद होता, मीच बंद केला होता. सैल केला, टाकीने श्वास घेतला, पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी पंप दाबला, दुसऱ्या ओढीला चालू. पैसे घेतले नाहीत, बंदरात मात्र सगळ्यांना सांगितलं.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, एप्रिल-मेमध्ये कोणी बघणारही नाही. रोख न्या. मशीनच्या शाफ्टचं आणि मागच्या फळीचं माप कागदावर लिहून दोघांनाही द्या. आणि जुने कपडे घाला, गाडीच्या सीटवर काहीतरी अंथरा, माझ्या गाडीला मुशीच्या तेलाचा वास अजून येतो आणि बायको पुढे बसत नाही.