कॅरेबाराची राणी म्हणून 2,800 ला साधा मुंगळा विकला, सावध रहा

राणी मुंगी ऑनलाइन घेणारे सगळे वाचा. मी कॅरेबारा डायव्हर्सा या मुंगीच्या जातीची, जंगलात पकडलेली मेटेड (नराशी मिलन झालेली) राणी घेतली, 2,800 रुपये, वर 350 कुरिअर आणि 499 'ओळख पटवल्याचं सर्टिफिकेट', एकूण 3,649. या जातीत सगळ्यात मोठी कामकरी सगळ्यात छोटीच्या सुमारे 500 पट वजनाची असते, म्हणून मुंग्या पाळणारे तिच्यासाठी एवढे पैसे मोजतात, आणि हे विकणाऱ्या त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

मला अजून राग येतो तो एका गोष्टीचा. पैसे पाठवायच्या आधी मी बाजूने काढलेला फोटो मागितला होता. आला तो, धुरकट, पण कंबरेला एकच गाठ दिसत होती!! कॅरेबाराला दोन असतात. विचारलं तर म्हणे अंड्यांनी पोट फुगलंय, दुसरी गाठ त्याखाली दबलीये. मेटेड राणीचं पोट फुगतं हे खरंच आहे, त्यात तो फाडफाड लॅटिन नावं घेत होता, रिव्ह्यू चांगले, कोण संशय घेणार?

राणी ठेवलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये पहिल्या कामकरी निघाल्या आणि सगळं कळलं. कॅरेबाराच्या बारक्या कामकरी जेमतेम 2-3 मिलिमीटरच्या असतात, या चांगल्या लांब, काळ्या, एका गाठीच्या. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, आपला अंगणातला मुंगळा, ज्याची राणी पावसाळ्यात दिव्याखाली फुकट सापडते.

नुसत्या रंगावरून आणि साइझवरून जात ठरवू नका. वरून काढलेल्या फोटोवर तर अजिबात नाही.

चौकीत गेलो तर साहेब म्हणाले मुंगी मागवली, मुंगी मिळाली, मग फसवणूक कसली? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पेमेंट ॲपवाले म्हणतात पिन तुम्हीच टाकलात. वनखात्यात गेलो तर मुंगी आमच्याकडे येत नाही, कृषीवाल्यांकडे जा, आणि तिथे कोणी फोनच उचलत नाही. रक्कम लहान म्हणून कोणालाच पडलेली नाही, असे शंभर जण लुबाडले तर साडेतीन लाखाच्या वर जातात हो! पैसे गेल्या गेल्या 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, कुठे आणि कधी पकडली ते चॅटवर लिहून घ्या. पट्टी शेजारी ठेवून बाजूचा स्पष्ट फोटो देत नसेल तर घेऊच नका, आणि सर्टिफिकेटला एक रुपया देऊ नका.

त्याचा नंबर आता बंद आहे. पण तोच धुरकट फोटो लावून दुसऱ्या नावाने जाहिरात चालू आहे, भाव 3,200.