वकिलांच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर घेताय? आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा

म्हापशात माझं वकिलीचं छोटं ऑफिस आहे. मी, एक ज्युनियर आणि टायपिंगपासून नोटरीपर्यंत सगळं बघणारे आमचे जुने कारकून. दिवाणी दावे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची) प्रकरणं आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटून देण्याची गोव्यातली कोर्टाची प्रक्रिया, हे मुख्य काम. 'वकिलांच्या ऑफिसचं संपूर्ण सॉफ्टवेअर' विकणाऱ्या एका कंपनीनं आम्हाला फसवलं. पैशापरी पैसे गेलेच, पण अशिलांचे कागद परक्याच्या हाती गेले, आणि त्याचा संताप अजून उतरलेला नाही. तपास चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. एकट्यादुकट्यानं काम करणाऱ्या वकिलांनाच ही माणसं गाठतात, कारण मोठ्या ऑफिसांत संगणकाचं बघायला वेगळा माणूस असतो.

मधल्या सुट्टीत बार रूममध्ये लॅपटॉप घेऊन आलेला मुलगा चुणचुणीत होता. माझ्याकडून एक सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) मागून घेतला, टाकला, आणि पुढची तारीख, आधीचे आदेश, पक्षकारांची नावं असं सगळं स्क्रीनवर आलं. 'ई-कोर्ट्सशी (कोर्टांच्या सरकारी ऑनलाइन सेवेशी) आमचा अधिकृत करार आहे,' म्हणाला आणि लेटरहेडवरचं पत्रही दाखवलं. ते पत्र बनावट होतं. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की हीच माहिती ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपवर कुणालाही फुकट दिसते. आपल्या प्रकरणांची यादी तिथं साठवता येते, वकिलाच्या नावावरूनही शोधता येतं. ज्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्याचंच फळ हे लोक स्वतःचं म्हणून दाखवत होते.

तारखा फुकट मिळतात हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही पैसे मोजले ते फायलींसाठी. गोव्यातली इन्व्हेंटरी ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको: तीन पिढ्यांचे जन्ममृत्यूचे दाखले, पोर्तुगीज काळातले दस्त, त्यांची भाषांतरं, एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदींचे) उतारे, परदेशातल्या वारसांची मुखत्यारपत्रं. एक कागद शोधायला अख्खी दुपार जाते. हे सगळं स्कॅन करून, अनुक्रम लावून, शोधता येईल असं देऊ, फीचा हिशेब आणि मुदतींची आठवण त्यातच, आणि 'डेटा मागाल तेव्हा परत' असं करारात लिहून दिलं. आयुष्यभराचे म्हणून ४८ हजार रुपये घेतले.

त्यांनी ई-फायलिंगचा (कोर्टात ऑनलाइन कागद दाखल करण्याचा) पासवर्ड आणि ओटीपीही मागितला होता, 'तुमच्या वतीनं आम्हीच दाखल करू' म्हणून. तो आम्ही साफ नाकारला. ती वकिलाची सही आहे, ती कुणाच्या हातात देत नाहीत.

काही महिने ठीक गेले. मग एका दाव्यात कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) तारीख स्क्रीनवर जुनीच राहिली. वरच्या कोपऱ्यात मात्र हिरवी खूण आणि 'आज अपडेट झालं' अशी ओळ. आमचे कारकून कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघून डायरीत हातानं तारीख लिहितात, म्हणून ती चूक त्याच दिवशी सापडली. कैफियतीला मुळात ३० दिवस, कोर्टानं कारणं नोंदवून वाढवले तर ९०. तेवढ्यात एक तारीख निसटली तर अशिलाविरुद्ध दावा एकतर्फी चालू शकतो.

विचारणा केली तर 'सर्व्हर अपग्रेड'चे आणखी २६ हजार मागितले, त्याशिवाय डेटा मिळणार नाही. करारावर बोट ठेवल्यावर एक झिप फाइल आली. आत प्रत्येक फाइलचं नाव बिनचूक, आणि प्रत्येक पीडीएफ शून्य केबीची. ज्युनियरनं बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला. नंबर गोव्याचाच, ३० नं सुरू होणारा, पण एका कापडाच्या दुकानाचा. त्या दुकानदाराला याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर कंपनीचे सगळे फोन बंद.

खरा धक्का पुढं होता. डिचोलीचे एक निवृत्त मास्तर, आमचे जुने अशील, त्यांचा फोन आला: 'वकीलबाई, कोर्टाची फी व्हॉट्सॲपवर कधीपासून मागायला लागले?' मेसेजमध्ये त्यांच्या इन्व्हेंटरीचा नंबर, बहिणीचं नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर, सगळं बरोबर होतं. मास्तरांनी पैसे भरले नाहीत, पण आणखी कितीजणांना असे मेसेज गेले असतील या विचारानं झोप उडाली. त्याच संध्याकाळी आम्ही यादी काढून प्रत्येक अशिलाला फोन केला. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नं आपल्यावर आहे, आणि त्याच कलमाच्या पोटकलम (३) नं ते आपल्या कारकुनावरही आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला त्याची पर्वा नसते.

म्हणून कुणी डेमो द्यायला आलं तर तारखा बघत बसू नका. तुमची एक खोटी फाइल त्यात टाका आणि तिथल्या तिथं बाहेर काढून द्यायला सांगा. ती उघडून, शेवटच्या पानापर्यंत बघा. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासायला मिनिट लागत नाही. मूळ स्कॅन आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा, तिची दुसरी प्रत घरी. युपीआय ऑटोपे किंवा कार्डवर कायमची परवानगी मागितली तर देऊ नका. दिली असेल तर बँकेच्या ॲपमधून आजच रद्द करा.

फसवणूक झालीच असेल तर लगेच १९३० वर फोन करा, पैसे पुढं सरकायच्या आत बँकेला खातं अडवायला सांगता येतं. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. चॅट पुसू नका, नुसते स्क्रीनशॉटही पुरत नाहीत. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून तिची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) काढून ठेवा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लिहावी लागते.

आमचे मूळ कागद कपाटात सुरक्षित आहेत, स्कॅन नव्यानं चालू आहेत. तुमच्याकडे अशाच कुणाची पावती असेल तर त्यावरचा बँक खाते क्रमांक बघा आणि रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवा. एकाच खात्यावर चार तक्रारी आल्या की ती चार वेगळी प्रकरणं राहत नाहीत.