गोळी बांगड्यातून गेली

फोंड्यातल्या या जनावरांच्या दवाखान्यात आमच्या वाघ्या कुत्र्याला ऐन पावसाळ्यात नेलं. दोन दिवस पेजेला तोंड नाही, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी आधी कानामागची गोचीड दाखवली, मग रक्त तपासलं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फक्त 40 हजार! गोचीडतापावर डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी, 28 दिवस. ‘चार दिवसांत उड्या मारील, तरी गोळी थांबवू नका, रिकाम्या पोटी देऊ नका,’ असं दोनदा बजावलं. पेजेत कालवली तर पठ्ठ्या पेज चाटून गोळी तेवढी ठेवायचा. शेवटी बांगड्याच्या तुकड्यातून गेली.

शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका. दीड तास ताटकळलो, तेही मांजरांच्या टोपल्यांना खेटून. वाघ्या आजारी होता म्हणून निभावलं. फोनवर नंबर लावायची सोय नाही. पुढच्या लशीला सकाळीच नेणार.